गुंडा मेला, पण रीडिंग चालू होतं

ही घटना शंभर टक्के खरी आहे. संयोगिता माझी सख्खी मावसबहीण. तिला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, तेही लेखी. तेच सांगतोय.

गेल्या वर्षी, १४ मार्च. सांगलीबाहेरची एक संशोधन संस्था. वेळ भर दुपारची. भुतांना वेळेचं भान नसतं, हे तिला त्याच दिवशी कळलं.

संयोगिता तिथं मार्मोसेटवर पीएचडी करत होती. मार्मोसेट म्हणजे खारीएवढं माकड. दोन होती, गुंडा आणि साळू. नावं नाथाजींनी ठेवलेली. नाथाजी फौजेतून रिटायर होऊन माकडं सांभाळत होते. माकडांना खायला आपल्या गावाहून, म्हसवडहून, बाभळीचा डिंक आणायचे.

ही माकडं शिट्टीनं बोलतात. एक शिट्टी घालतं. दुसरं पाच सेकंद थांबतं, मगच उत्तर देतं. त्या पाच सेकंदांत मेंदूत काय होतं, हा तिचा विषय. दोघांच्या डोक्यावर नखाएवढं यंत्र. पडद्यावर दोघांच्या मेंदूच्या दोन रेषा.

गाइड वीरधवल सर. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत हा माणूस जन्मात थांबला नव्हता.

त्या दुपारी गुंडा मेला.

तिनं त्याचं यंत्र काढलं. बॅटरी काढली. सगळं ड्रॉवरमध्ये. गुंडा फ्रीझरमध्ये.

साळूनं शिट्टी घातली...

एक. दोन. तीन. चार. पाच.

शांतता.

आणि पडद्यावर गुंडाची रेषा हलली...

साळूनं मान तिरकी केली. उत्तर ऐकल्यासारखी.

नाथाजी दारातच थबकले. "म्याडम, गुंडा गेला न्हवं? मग ही कुणाशी बोलाय लागलीया?"

ती सरांकडे गेली. "सर, गुंडा..."

"रीडिंग येतंय ना?"

"येतंय, पण तो मे..."

"मग मेला कसा? एकच माकड उरलं की प्रोजेक्ट बंद होतं, मॅडम. तुमची चार वर्षंही बंद होतील. रजिस्टरला लिहा. गुंडा, जिवंत."

नाथाजी हळूच म्हणाले, "नका करू सही. म्या पुरतो त्याला. सुटू द्या बिचाऱ्याला."

तिनं सही केली.

पुढच्या आठवड्यात तपासणी समिती आली. तिघे. पडदा बघितला, भडंग खाल्लं, शेरा मारला, 'दोन्ही प्राणी उत्साही.' फ्रीझर कुणी उघडला नाही. तिघांत मिळून मेंदू किती, याचं रीडिंगही कुणी घेतलं नाही.

दिवाळीपर्यंत संयोगिता डॉक्टर झाली. तिथंच नोकरीला लागली.

मग साळूही गेली. नाथाजींनी दोघांना म्हसवडला नेऊन बाभळीखाली पुरलं. पिंजरा रिकामा.

रेषा दोन्ही चालू.

सर खूश. रजिस्टरला दोघांची 'जिवंत' ही नोंद तशीच ठेवली. म्हणाले, "डिंकाचा खर्च वाचला."

पण गेल्या महिन्यात तिच्या एक लक्षात आलं...

गुंडाची रेषा हलते. पाच सेकंद. साळूची हलते. पाच सेकंद. मग कुणाचीच हलत नाही. अजून पाच सेकंद. मग परत गुंडा.

मधे एकाची पाळी सोडलेली.

"ही तिसरी पाळी कुणाची, नाथाजी?"

नाथाजींनी पिंजऱ्याला नमस्कार केला. "रजिस्टरला सही कुणाची हाय?"

काल ती आमच्याकडं जेवायला आली होती. आईनं विचारलं, "आमटी वाढू का गं?"

संयोगिता नुसती बघत राहिली. मान तिरकी. मी मनात मोजत होतो...

पाचला तिचा घसा हलला. आवाज काहीच नाही.

मग म्हणाली, "वाढ, मावशी."

आमचा कुत्रा मात्र मधेच उठून बाहेर गेला. अजून घरात यायला तयार नाही.