धुक्यातला सहावा

"उजव्या हाताला बघा मंडळी, तिथं स्टेशन होणार. डाव्या हाताला शाळा."

मी लहान असताना आई मुळा किसता किसता कधीतरी स्वतःशीच हे बोलायची, घोळवलेल्या गोड आवाजात. लग्नाआधी ती बसमध्ये गाइड होती, पांढरे हातमोजे घालून. लांबच्या शहरांतल्या लोकांना ती आमच्या कुशिरोची दलदल बसमधूनच दाखवायची आणि कंपनीचे साहेब त्यांना तिथल्या जमिनीचे तुकडे विकायचे. स्टेशन झालं नाही. लव्हाळी वाढली, लव्हाळ्यांत सारस वाढले.

आता तेच तुकडे दलदल वाचवणारं आमचं मंडळ वर्गणी काढून विकत घेतं, एकेक मालक हुडकून. सगळे मिळाले. मधला एक राहिला, ओसाकाच्या हिरुकावांचा. शेजारी सौर पॅनेलांसाठी भराव पडत होता, आणि हा तुकडा बेवारस समजून त्यातूनच चर काढायचं ठरलं होतं. तो चर झाला, की सगळ्या दलदलीचं पाणी निघून जाणार. तुकडा आमच्या नावावर झाला तरच ते अडवता येणार होतं.

हिरुकावांची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा जमीन बघायला गेले ते परत आलेच नाहीत. कंपनीवाले म्हणाले, बसनं सगळे परतले. आई मरेस्तोवर म्हणायची, दुसरी केली असेल. जमीन त्यांची आहे. आले की त्यांनाच विचारा."

आणि त्याच तुकड्यापाशी तो आवाज यायचा.

दलदलीत धुकं उतरलं, की आम्ही एकामागोमाग नंबर पुकारतो, कोणी मागं राहू नये म्हणून. आम्ही पाच जण. एक, दोन, तीन, चार, पाच. मग जरा थांबून, लव्हाळ्यांतून: "सहा."

"अस्वल असणार," मंडळाचे म्होरके ओनोदेरा म्हणाले. "वर्गणी न भरता सभासद झालंय."

कोणी हसलं नाही. प्रतिध्वनी म्हणावा, तर तो 'पाच' म्हणाला असता. आवाज अदबशीर होता, धाप लागलेला. धावत येऊन बस गाठणाऱ्या माणसाचा असावा तसा. आणि त्याला ओसाकाचा हेल होता.

रात्री जेवताना मी हे सगळं आईला सांगितलं, मुलीच्या फोनसकट. हिरुकावा हे नाव ऐकलं आणि तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. कॉड माशाचं सार निवून गेलं.

"उद्या मला ने तिकडं."

जन्मभर तिनं दलदलीत पाऊल टाकलं नव्हतं.

सकाळी धुकं दुधासारखं दाट होतं. ओनोदेरांनी तिला हात दिला. "आजी, सांभाळून. इथली जमीन पोकळ आहे."

"माहीत आहे," आई म्हणाली.

मधल्या तुकड्यापाशी आम्ही थांबलो. खाली पाणी बुडबुडत होतं.

एक. दोन. तीन. चार. पाच.

आता आईची पाळी. ती गप्प.

लव्हाळीही गप्प. कोणीतरी रांगेत आपल्या पाळीसाठी थांबावं, तशी.

"सहा," आई म्हणाली.

"सात."

अगदी जवळून. तिच्या पाठीमागून.

आई वळली नाही. तिची पाठ ताठ झाली. बसच्या दारात उभी असल्यासारखी.

"ओनोदेरासान, हिरुकावाच्या मुलीला कळवा. तिच्या बापानं दुसरी केली नाही. तो इथंच आहे."

"आजी, तुम्हाला कसं..."

"स्टेशन नेमकं कुठं होणार ते बघून येतो म्हणाला. मी दाखवलं होतं ना, उजव्या हाताला. गाडीत मी माणसं मोजली, एक कमी होता. साहेबांना घाई होती. मी म्हटलं, सगळे आले."

ओनोदेरांनी तिचा हात सोडला.

"गाडी हलली तेव्हा मागून हाका येत होत्या," आई म्हणाली. "गाडीतल्यांना ऐकू जाऊ नयेत, म्हणून मी माइक घेतला आणि गाणं म्हणायला लागले."