न चमकणारं काळं

चोरानं सोनं ठेवलं होतं आणि काजळी नेली होती.

चित्रकार बाओ युन्थिंग यांच्या टेबलावर लाखेची पेटी उघडी पडली होती. आत शाईच्या पाच कांड्या, तुंग बियांच्या तेलाच्या काजळीच्या, अंगावर सोनेरी ड्रॅगन. सहावा खण रिकामा.

"गेली ती साधी, चिडाच्या झाडाच्या काजळीची," बाओ म्हणाले. "माझ्या सासऱ्यांनी घडवलेली. ना नक्षी, ना सोनं."

खाजगी गुप्तहेर लुओ हानछिंग पेटीवर वाकला. त्याचा सोबती पांग, पोलिसातून निवृत्त झालेला, पोट सावरत खुर्चीत टेकला.

"एवढं सोनं सोडून कोळसा कोण नेतं?" पांगनं विचारलं.

"ज्याला कोळसाच हवा होता तो," लुओ म्हणाला.

भिंतीवर बाओंच्या बायकोचं चित्र होतं. ती गेल्या हिवाळ्यात वारली. चेहरा झाला होता, कपडे झाले होते, कपाळाच्या वर मात्र कोरा कागद.

"नववर्षाला हे पूर्वजांच्या चित्रांच्या ओळीत लागायचंय," बाओ म्हणाले. "केस तेवढे राहिलेत. तेलाची शाई चमकते. केसांना चिडाचीच लागते. मंद असते, जराशी निळसर."

"कांडी अख्खी होती?"

"कोपरा झिजला होता. शेवटच्या आजारात हिनंच उगाळली."

"चित्रं काढायच्या का बाई?"

"ही? हिला अक्षर येत नव्हतं."

लुओ कपाळावरच्या त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिला. पांगनं जांभई दिली.

"चोर मीच पकडलाय," बाओ म्हणाले. "बायकोचा भाचा, च्यांग. परवा कांडी मागायला आला. मी हाकलला, तरी दारात घुटमळत होता. काल कांडी गेली. लाकडांच्या खोलीत बांधून ठेवलाय. अंधार पडायच्या आत शिपाई नेतील त्याला. कांडी कुठं लपवली तेवढं काढा त्याच्याकडून."

घरात गरीब नातेवाईक असला की श्रीमंताला चोर शोधायचे कष्ट पडत नाहीत.

च्यांग ओंडक्याला टेकून बसला होता. हात पाठीमागे बांधलेले, नखं काळी.

"नखं बघ!" पांग म्हणाला. "पुरावा आणखी काय हवा?"

"शाई करणाऱ्याची नखं गोरी असतात होय, पोलिसमामा?" च्यांग म्हणाला. "माझ्या अंगाचा न दिसणारा भागही काळाच आहे. दाखवू?"

लुओनं ओलं बोट त्याच्या नखावर घासलं आणि खिशातल्या कागदावर टेकवलं. डाग वाळला. उजेडात धरला तर लकाकला.

"तुमच्या भट्टीत चिडाची शाई होते?"

"आजोबांबरोबर गेली ती. डोंगरावर चीड उरलेत कुठं? आम्ही तेलाचीच करतो."

"मग आतोबांकडे कांडी कशाला मागितलीस?"

च्यांगचा चेहरा बदलला. "मागितली. उघड मागितली, पाया पडून मागितली. कशाला, ते नाही सांगायचा. तुरुंगात घाला."

दिवाणखान्यात जुन्या वस्तूंचा व्यापारी वेई चहा पीत बसला होता.

"सोन्याच्या पाचही घेतो, आत्ता," तो म्हणाला. "ती गेलेली? साहेब, बिननक्षीची काळी कांडी. फुकट दिलीत तरी दुकानात जागा अडवेल."

स्वयंपाकघरात स्वयंपाकीण कू काकू संतापलेली होती.

"चोराचं राहू द्या हो! आधी हे बघा." तिनं टोपली पुढं ढकलली. "कमळकाकडी. कुणीतरी गाठी तेवढ्या कापून नेतंय आणि गर टाकून देतंय! गाठी तर मी कचऱ्यात फेकते. कोण खातं त्या? आणि हा माझा खडबडीत वाडगा. तळ काळा करून ठेवलाय, घासून घासून हात गेले."

"उंदीर असेल," पांग म्हणाला.

"उंदीर सुरी धरतो का तुमच्याकडे?"

लुओनं वाडग्याच्या तळावर ओलं बोट फिरवलं, कागदावर पहिल्या डागाशेजारी टेकवलं. हा डाग वाळून मंद झाला, निळसर. त्याला चमक आलीच नाही. लुओनं कागदाची घडी केली, आणि पांगला त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा वाटला.

बाओंची मुलगी वानयी आईच्या चित्रासमोर उभी होती. वसंतात तिचं लग्न होतं. तोंडावर लाल रुमाल.

"कू काकू म्हणते, पोरगी आधी पांढरेच रुमाल वापरायची," पांग हसत म्हणाला. "आता लाल! लग्नाची फार घाई झालीय वाटतं!"

ती हसली नाही. रुमालाआडून म्हणाली, "च्यांगदादाला सोडा. त्यानं नाही नेली."

"कशावरून?" लुओनं विचारलं.

तिनं पाठ फिरवली.

लुओनं वेईला वाटेला लावलं, च्यांगचे हात सोडवले आणि सगळ्यांना चित्राच्या खोलीत बसवलं.

"बाओसाहेब, चोराला विकायचं असतं तर त्यानं सोनं नेलं असतं. चित्र काढायचं असतं तर सहाणेवर उगाळलं असतं. पण कांडी उगाळली ती वाडग्यात. हे दोन डाग बघा. च्यांगच्या नखाचा चमकतो, तेलाचा. वाडग्याचा चमकत नाही. वाडग्यात काय उगाळतात?"

"जे प्यायचं असतं ते," कू काकू पुटपुटली, आणि तिचा हात तोंडाशी गेला.

"जुनी चिडाची शाई, कमळकाकडीच्या गाठींच्या रसात. रक्ताची उलटी थांबवायला देतात. तेलाची चालत नाही. तुमच्या पत्नीला अक्षर येत नव्हतं, तरी कोपरा त्यांनीच झिजवला. औषधाच्या दुकानात तिची पूड मिळते, पण तिथं मागितली की सूर्य मावळायच्या आत गावभर होतं. आणि गावभर झालं की लग्न मोडतं." लुओचा आवाज खाली आला. "लाल रुमालावर रक्त दिसत नाही, बाओसाहेब."

पांगला आपली मघाची थट्टा आठवली. त्यानं मान खाली घातली.

वानयीनं रुमाल काढला. ओठ काळे होते, दातांच्या फटी काळ्या.

"दादाला मीच पाठवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ती आईच्या केसांसाठी आहे, मेलो तरी देणार नाही. मग मी घेतली."

"मला सांगायचंस, पोरी!"

"सांगायला कधी आले की तुम्ही चित्रात आईच्या बाहीची घडी रंगवत असायचात, बाबा. खोकले की म्हणायचात, हळू, हात हलतो."

बाओ भाच्याकडे वळले. "तू तरी बोलायचंस."

"तिनं शपथ घातली होती, आतोबा. आणि तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही बांधलंत."

पुढचं लुओलाच बोलावं लागलं. "ही शाई रक्त अडवेलही थोडा वेळ. आजार अडवत नाही. तुमच्या पत्नीचा अडवला? उद्या हिला वूहू शहरातल्या इस्पितळात घेऊन जा. लग्न गेलं चुलीत."

वानयीनं बाहीतून उरलेला तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. बाओंनी तो तिच्या मुठीत परत कोंबला. मग सोनेरी कांडी उचलली, ड्रॅगनसकट सहाणेवर उगाळली आणि बायकोचे केस काढायला घेतले.

"आतोबा, चमकतंय," च्यांग हलकेच म्हणाला.

"चमकू दे."

नववर्षाला पूर्वजांच्या ओळीत एकटीचेच केस चमकत होते. भाऊबंदांनी नावं ठेवली.

वसंतात वूहूहून वानयीचं गाठोडं आलं. ती आली नाही. लाल रुमालात तो तुकडा होता.

पांग समाचाराला गेला तेव्हा बाओ तो तुकडा दोन बोटांत धरून उगाळत होते. समोर मुलीचं चित्र. लग्न न झालेल्या मुलीला त्या ओळीत जागा नसते. मेल्यावरही नवऱ्याच्या नावाशिवाय भिंत मिळत नाही, असले आमचे रिवाज. भाऊबंद दारात उभे राहून तेच सांगत होते. बाओंनी मान वर केली नाही.

केस मंद आले, निळसर काळे, अगदी तिचे. शेवटची बट काढून झाली तेव्हा सहाणेवर नुसतंच बोट घासत होतं.

बाओंनी चित्र उचललं आणि तिच्या आईशेजारी खिळा ठोकला. हातोडी च्यांगनं दिली.

पांग दारात जाऊन भाऊबंदांसमोर उभा राहिला. पोलिसात असताना उभा राहायचा तसा, आडवा.