कुठल्या खाणीचं कथील

जालन्याच्या एमआयडीसीत कानावर पोट भरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे गिरिधर. बाकीच्यांचे कान रोलिंग मिलच्या खडखडाटानं कधीच कामातून गेले होते. ‘जालना सोने का पालना’ असं जुने लोक म्हणत आले. पण एमआयडीसीच्या वाट्याला सोन्याऐवजी लोखंड आलं, आणि काकासाहेबांच्या लहानशा कारखान्याच्या वाट्याला कथील. त्या कथलाची तिथं तार ओढायचे. टीव्हीच्या, फोनच्या पोटातले बारीक जोड जुळवायला ती तार लागते.

आलेलं कथील पारखायचं काम गिरिधरचं. तपासायचं यंत्र होतं, पण ते कामावर कमी आणि दुरुस्तीला जास्त असायचं. म्हणून त्याची पद्धत जुनीच होती. लगडीतून करंगळीएवढी कांडी पाडायची, कानाशी धरायची आणि हळूच वाकवायची. चोख कथील वाकताना कर्र-कर्र आवाज करतं, नव्या वहाणेसारखा. शिशाची भेसळ असली की गप्प बसतं. धंद्यातले लोक याला कथलाचं रडणं म्हणतात. गिरिधरला तो शब्द बिलकुल आवडत नसे. धातूच्या आतले कण एकमेकांवर घासतात, एवढंच ते, असं तो प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून नवा माल आला. भाव इतका उतरलेला की काकासाहेबांनी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही. लगडींवर कुठलाच छाप नव्हता. त्याच सुमारास जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. कथील कुठल्या खाणीचं आहे? तिथं लढाई चालू आहे का? बंदुकीच्या धाकानं कुणाला खणायला लावतात का? लहान मुलं खाणीत उतरतात का? माल पारखणाऱ्यानं स्वतः सही करून कळवावं, नाहीतर ऑर्डर रद्द.

गिरिधरनं व्यापाऱ्याला फोन लावला. तो हसला. "साहब, आफ्रिका का माल है. पहाड से निकला, बोरी में भरा, चार मुल्क पार करके आया. किसके हाथ लगे, कौन पूछता है?"

फोन ठेवून गिरिधरनं कांडी कानाशी नेली आणि वाकवली. काहीच नाही. भेसळ, असं मनात येतंय तोवर आवाज आला. कांडी वाकून झाली होती, हात थांबला होता, आणि मग आला. शिवाय तो कर्र नव्हता. दाबून धरलेला श्वास कुणीतरी सोडावा, तसा होता.

त्यानं दुसरी कांडी घेतली. तीही उशिरानं बोलली.

भट्टीवरचा पुंजाराम मागं उभा होता. भोकरदनकडचा, धट्टाकट्टा माणूस, उगाच घाबरणारा नव्हे. "साहेब," तो म्हणाला, "वाकवलं म्हंजी आवाज येतो म्हणता ना तुमी? मंग गोदामात कोन वाकवून राह्यलंय?"

दोघं गोदामात गेले. टळटळीत दुपार होती, पत्रा तापून निघाला होता. रचलेल्या लगडींतून टक्, टक् येत होतं. थोडं थांबायचं, पुन्हा टक्.

"उन्हानं धातू फुगतो, पुंजाराम."

"बराबर हाय," पुंजाराम म्हणाला, पण पुढं सरकला नाही.

गिरिधरनं वरच्या लगडीवर हात ठेवला. चटका बसला. मग वाकून अगदी खालच्या थराला हात लावला. ती लगड थंडगार होती, आणि आवाज तिच्यातूनच येत होता. त्यानं हात पुसला आणि बाहेर आला.

कारखान्यात एक रीत होती. अक्षय तृतीया जवळ आली की काकासाहेब प्रत्येकाला कथलाची एकेक कांडी द्यायचे, घरच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायला. तो दिवस पितरांना जेवायला बोलवायचा. त्यांच्या नावानं पान वाढायचं, पाणी ठेवायचं. त्या दिवशी घरातलं पितळ लख्ख नको का? त्या वर्षी कांड्या नव्या मालातल्या निघाल्या. पुंजारामनं आपली परत आणून टेबलावर ठेवली. "दुर्गाबाई घरात ठिवू देत न्हाई," एवढंच बायकोचं नाव पुढं करून तो निघून गेला. गिरिधरनं मात्र आपली घरी नेली. रीत मोडायला कारण लागतं, आणि जे कारण होतं ते तोंडानं कबूल करायची त्याची तयारी नव्हती. गल्लीत आलेल्या कल्हईवाल्यानं घरातलं मोठं पितळी पातेलं आतून चांदीसारखं करून दिलं.

घरी आई होती, रमाबाई. बायको शैला माहेरी गेलेली. रमाबाईंना कित्येक वर्षांत काही ऐकू आलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बोलणं समजून घ्यायच्या, आणि न समजलेलं आपल्या मनानं भरून काढायच्या. त्यावरून मायलेकांत हसणं-रुसणं चालायचं.

त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ओ."

गिरिधर आत गेला. त्या कल्हईच्या पातेल्यावर वाकल्या होत्या.

"कुणाला ओ दिलीस?"

त्याचे ओठ पाहून त्या हसल्या. "कुणाचं तरी पोर आहे रे. काय म्हणतं ते कळत नाही. पण हाक आईला मारतंय. ती कळायला भाषा कशाला लागते?" मग त्यांचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांनी काही ऐकू आलं बघ, गिरी."

त्या झोपायला गेल्यावर गिरिधरनं पातेल्यात डोकं घातलं. आधी नुसती पितळेची गाज. मग खूप खालून टक्. थांबून, पुन्हा टक्. दगडावर काहीतरी आपटत होतं, आणि आपटणाऱ्याच्या हातात फार जोर नव्हता.

तो भ्याला. पण भीतीपेक्षा त्याला लाज वाटली, आणि ती कशाची ते त्याला नीट माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकासाहेबांना सांगितलं, "हा माल परत पाठवू. मी सही करणार नाही."

काकासाहेब कुंभार पिंपळगाव या गावचे. जमीन सांभाळून कारखाना काढलेला माणूस, वाईट नव्हता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "गिरिधरराव, अर्धा माल वितळून गेला. हे गिऱ्हाईक गेलं तर शेडला कुलूप लागतंय. मंग पुंजारामच्या घरी सांगायला तुमी जाता का मी जाऊ?"

"पण तिथं मुलं उतरत असतील, काकासाहेब."

"तुमी पाह्यली का?"

"नाही."

"मंग? न्हाई पाह्यली म्हणूनच लिहा की."

गिरिधरपाशी उत्तर होतं, पण ते ऐकण्याचं होतं, सांगण्याचं नव्हतं. पातेलं बोलतं म्हणून ऑर्डर सोडा, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? दोन-चार दिवस त्यानं गिऱ्हाइकाचा सहीचा कागद टेबलावर तसाच ठेवला. शेडमधली माणसं जाता-येता त्या कागदाकडे बघायची.

अक्षय तृतीयेच्या सकाळी त्यानं सही केली. या मालासाठी कुठलंही मूल खाणीत उतरलेलं नाही, असं वर इंग्रजीत छापलेलं होतं. त्याखाली त्याचं नाव, त्याखाली हुद्दा.

कागद फॅक्समधून गेला आणि गोदामातली टक्-टक् थांबली.

"पाहा," काकासाहेब खुशीत म्हणाले, "उगं जिवाला घोर लावून घेतला. जा घरी, पितरं वाट बघून राह्यली असतील."

गिरिधर घरी आला तेव्हा दार सताड उघडं होतं. घरात आमरसाचा आणि तळलेल्या कुरडयांचा वास होता. भिंतीशी पानं वाढलेली होती, एक वडिलांचं, एक आजोबांचं. त्यांच्या शेजारी एक लहान ताटली होती.

वडिलांचं पान भरलेलं होतं. आजोबांचंही. ताटली रिकामी होती. चाटूनपुसून.

रमाबाई पाठमोऱ्या बसून पोळी लाटत होत्या.

"आई, इथं कोण जेवलं?" त्यानं विचारलं. नेहमीसारखं समोर जाऊन, ओठ दिसतील असं नव्हे, मागूनच, अगदी हळू. स्वतःशीच.

"तोच की, हाक मारणारा," त्या वळून न बघता म्हणाल्या.

गिरिधरचा हात चौकटीवर होता, तो तिथंच राहिला.

"तुला ऐकू आलं?"

"तूच लिहून दिलंस ना, पोरगं तिथं नाही म्हणून?" त्यांनी पोळी उलटली. "मग ते जाणार कुठं?"

त्यानं सहीबद्दल घरात एक शब्दही काढला नव्हता.

ओट्याखाली पातेलं होतं. तो त्याच्याकडे गेला, कारण न जाणं जास्त कठीण होतं. आतली कल्हई तळापासून वरपर्यंत खरवडलेली होती. काठावर चिखल होता, ओला, लाल. जालन्याची माती काळी.

काठावर बोटं उमटली होती. लहान. अंगठे आतल्या बाजूला, बोटं बाहेर. विहिरीतून वर येणारा माणूस काठ धरतो, तशी.

त्यानं फडकं घेतलं आणि काठ पुसला. पुन्हा पुसला. मग उठून बाहेरचं दार लावायला गेला.

"लावू नकोस, गिरी," रमाबाई आतून म्हणाल्या. त्या आणखी ताटल्या मांडत होत्या. "बाकीची पोरं दुसऱ्या घरांतल्या भांड्यांतून निघालीत, पण जेवायला इकडंच येतायत म्हणतो हा. सही तुझी आहे ना."