‘बघू’ म्हणजे काय

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, उडवलं, परत केलं. पण कस्तुरी गेली की मी सगळं गोड गोड करून सांगत बसेन, म्हणून आत्ताच… जसं झालं तसं.

इकडे आखातात, मीना सलमान बंदराजवळ साउंडच्या वर्कशॉपमध्ये काम करतो मी. कोर्सबिर्स काही नाही, व्हिडिओ बघून आणि शॉक खाऊन शिकलो. एक दिवस एक मुलगी एका जपानी माणसाला घेऊन आली आणि एवढी लांब वायर मागितली की मी पुटपुटलो, "ही काय चंद्रावर चाललीय?"

"नाही, मुहर्रकला," ती मराठीतच म्हणाली. "सोडायला येताय?"

मेलो. तिथेच.

कस्तुरी पुण्याची. जपानी तिथेच शिकली, इथे बँकेत नोकरी. तो माणूस म्हणजे मोरिता-सान, जपानच्या एका किनाऱ्यावरच्या छोट्या रेडिओ स्टेशनचा प्रोड्युसर. तिकडे मोत्यांची शेती होते. ती सुरू झाली आणि इकडच्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा बसला. त्यांच्यावर स्टेशनला इथून लाइव्ह कार्यक्रम करायचा होता. साउंड माझ्याकडे, दुभाषी ती.

आठवडाभर मी, ती, वायरी आणि करक चहा. स्टेशनच्या गोष्टी तिने तेव्हाच सांगितल्या. मासळी बाजाराच्या माडीवर सुरू झालेलं. कामच मुळी होड्यांना हवामान सांगायचं. एकदा वादळात टेकडीवरचा टॉवर पडला आणि रेडिओ गप्प झाला. होड्यांना वाटलं, वादळ ओसरलं असेल म्हणून सांगत नाहीत. काही होड्या निघाल्या… परत आल्या नाहीत.

"तेव्हापासून तिथे शांतता म्हणजे अपघात," ती म्हणाली. "थोडा वेळ कुणी बोललं नाही की अलार्म वाजतो. अख्खं स्टेशन माफी मागतं."

"आणि तू गप्प बसलीस तर?"

"तर समज, तू बोर करतोयस."

लाइव्हच्या दिवशी सकाळी मोरिता-साननी तिला विचारलं, आमच्याकडे नोकरीला येतेस का? ती हो म्हणाली. मला तिने हे माइक लावून घेताना सांगितलं. माझी बोटं तिच्या कॉलरपाशी… आणि तोंडातून निघून गेलं, "मग आपलं काय?"

ती खाली बघत म्हणाली, "बघू."

बघू! आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, हे कुणाला शिकवायचंय? मालकाला लीव्ह मागितली की ‘बघू’. मुलगी बघायला गेले आणि नकार द्यायचा असला की ‘बघू, कळवतो’. खलास.

दुपारी मुहर्रकच्या किनाऱ्यावर लाइव्ह सुरू झालं. इथलेच एक म्हातारे, हमझाचाचा, बोलत होते. वडील पाणबुडे, चाचा मुंबईच्या व्यापाऱ्यांत वाढलेले, हिंदी फाडफाड. सांगत होते, "नीचे से आवाज़ नहीं आती. बस रस्सी हिलती है. नाव में ऊपरवाला समझ गया तो ठीक."

मग तिकडच्या निवेदिकेने काहीतरी विचारलं. कस्तुरीचा चेहरा उतरला. तिने हळूच विचारलं, "चाचा… आपको हम जापानवालों पर गुस्सा है?"

चाचा समुद्राकडे बघत राहिले. बोलेचनात.

हेडफोनमध्ये नुसता वारा. मोरिता-सान पांढरेफटक. कस्तुरी गोठलेली. आता अलार्म वाजणार, तिची नवी नोकरी इथेच बुडणार. आणि खरं सांगू? बुडली तर ती इथेच राहील, हेही डोक्यात आलं. पण हात थांबला नाही. तिच्या माइकची वायर हलकेच ओढली.

तिने वर बघितलं. माझ्याकडे. आणि जपानीत बोलायला लागली, हळू, मला एक शब्द कळत नाही… मधेच ‘बघू’ ऐकू आलं. मोरिता-साननी तोंडावर हात ठेवला. हेडफोनमध्ये तिकडची निवेदिका हसली, मग नाक ओढल्यासारखा आवाज.

चाचा वळले. "लड़की, मेरा टाइम तू खा गई." मग म्हणाले, "गुस्सा था. बाप का था. मैंने रखा नहीं."

लाइव्ह संपलं. वायर गुंडाळता गुंडाळता मी विचारलं,

"काय बोललीस?"

"शिक जपानी."

"कस्तुरी, प्लीज. सांग ना."

ती जवळ आली. "म्हटलं, एका मुलाने आत्ता माझी दोरी ओढलीय. सकाळी त्याने काहीतरी विचारलं, मी ‘बघू’ म्हणाले. आमच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. तुमच्याकडेही ‘विचार करते’ म्हणजे नाहीच ना? पण मी खरंच बघत होते… त्याच्याकडे. आठवडाभर."

"हे सगळ्या जपानला सांगितलंस?"

"सगळ्या नाही रे. एकाच किनाऱ्याला." मग तिने माझा हात धरला. "‘हो’ आहे माझं. लांबून जमेल?"

"जमवू," मी म्हणालो.

गुदैबियाला रूमवर आलो तर वॉरन मासे तळत होता. वसईचा, मी इथे आल्यापासून माझा रूममेट. सगळं ऐकून त्याने मला मिठी मारली, मग शेगडीकडे वळला. गॅस बारीक केला.

"मग तू पण जाशील मॅन एक दिवस."

"जाईन, वाटतं."

"तुझ्याआधी या रूमवर होता तो नझीर असाच गेला. सकाळी उठून बघतो तर बॅग नाही, माणूस नाही."

"वॉरन, इकडे बघ. ज्या दिवशी ठरेल ना, घरी फोन करायच्या आधी तुला सांगेन. तोंडावर. प्रॉमिस."