शाफ्टखाली दोन बोटं

"माह्या पोराले ज्यानं मारलं, त्याचं नाव मले पाह्यजे," पार्बताबाई म्हणाल्या. "नत्थुजी मिस्त्रीले धरलं लोकाईनं. पन तो तसा मानूस नाई."

नारायणनं खुर्ची पुढे केली, पण बाई जमिनीवरच बसल्या. वरूडहून अकोल्यापर्यंत त्या एकट्या आल्या होत्या. खाजगी तपास करणारे कमलाकांत समोर होते. नारायण हा त्यांचा मित्र, शाळेत मास्तर.

हकीकत साधी होती. बाईंचा मुलगा सहदेव हा संत्र्यांचे व्यापारी पंजाबराव यांची जुनी लॉरी चालवायचा. लढाई संपल्यावर पंजाबरावांनी लष्कराच्या लिलावात एक ट्रक घेतला. नाल्यातून, बांधावरून जाता यावं म्हणून अमरावतीच्या नत्थुजी मिस्त्रीकडून तो उंच करून घेतला. त्या ट्रकला पंजाबराव कुणाला हात लावू देत नसत. नेमके त्यांचे डोळे आले, आणि सहदेव तो ट्रक घेऊन निघाला. नाल्याच्या उतारावर गाडी हाताबाहेर गेली आणि उलटली. सहदेव जागीच गेला.

"मिस्त्रीवर आळ का?"

"चाक लटकू नये म्हनून कातडी पट्टे लावतो म्हने तो. गाडीखाली पट्ट्याच्या जागी दोर निंगाला."

कमलाकांत लगेच उठले.

अमरावतीच्या कोठडीत नत्थुजीनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "पट्टे मीच लावले, साहेब. चाकाईची आस आन् गाडीच्या चेसीच्या मंधात, एक फुटाचे. सगळ्याईसमोर सांगतलं, हा पट्टा म्हंजे गाडीचा जीव हाये. चाक याच्या खाली गेलं का इंजिनाचा जोर चाकाले देनारा शाफ्ट खालच्या लोखंडी आडपट्टीवर बसते."

"सगळे म्हणजे कोण?"

"पंजाबराव, त्याईचा चुलतभाऊ गोवर्धन, सहदेव आन् सहदेवचा बाप."

वरूडला ट्रक पंजाबरावांच्या आवारात आणून ठेवला होता. समोरचा भाग चेपला होता, मागचा शाबूत होता. कमलाकांतांनी चेसीखाली जॅक लावून मागची चाकं अधांतरी केली आणि मातीत उताणे पडून फीत धरली. नारायण आकडे मोठ्यानं म्हणू लागला. आधी त्यांनी आस एक फुटावर अडकवली. शाफ्ट आणि त्याखालची आडपट्टी यांत दोन बोटं सहज गेली. मग गाडीखाली सापडलेल्या दोराएवढी मोकळीक दिली. चाकं आणखी चार बोटं खाली आली आणि शाफ्ट पट्टीवर टेकला. तिथल्या लोखंडावर ताजा ओरखडा होता.

"आता बोल्टच्या चकतीखाली बघ," कमलाकांत म्हणाले.

तिथे कातड्याची चिमटलेली किनार अडकून राहिली होती. दोराभोवती तेलकट गोणपाट गुंडाळलं होतं. वरवर बघणाऱ्याला तो पट्टाच वाटला असता. आत दुहेरी फासाची गाठ होती आणि तिचं टोक डावीकडे वळलं होतं.

पंजाबराव डोळ्यांवर फडकं धरून बसले होते. "मीच त्याले धाडलं," ते म्हणाले. "सकाळी डोये उघडेनात. माल सडला असता."

"तुमचं कुणाशी वैर?"

"धंद्यात कोनाशी नसते? सहदेवच्या बापाचा, शेषरावचा पाट मी बंद केला. मह्याच बागेले पानी पुरेना, काय करू? त्याचे झाडं वायले. पन पोरगं त्याचं, साहेब. तो काय करन?"

कमलाकांतांनी त्यांना संत्र्यांच्या टोपलीला दोर बांधायला सांगितलं. गाठ साधी, उजवीकडची. गोवर्धनचीही तशीच.

"सहदेवले चाबी मीच देल्ली," गोवर्धन म्हणाला. "आदल्या दिवशी दुपारी गाडी शेषरावच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभी होती, माल भरासाठी. मजूर जेवाले गेल्ते."

शेषराव घराच्या अंगणात होते. त्यांनी मान वर केली नाही. वासरू सुटलं, तसे ते उठले आणि डाव्या हातानं त्याला खुंट्याशी बांधून परत बसले.

"अपघाताच्या दिवशी तुम्ही कुठं होता?" कमलाकांतांनी विचारलं.

"मोझरीले. आदल्या सांजेलेच गेल्तो. भजनाले."

नारायणला वाटलं, या म्हाताऱ्याला आता कशाला छळायचं? पण कमलाकांत खुंट्याजवळ वाकले होते. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई," ते म्हणाले, "हा तपास इथंच सोडतो. नाव विचारू नका."

"नाव सांगा. मंग तिकडं नत्थुजी फाशी गेला तरी चालन का?"

कमलाकांतांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. पाटील आणि शिपाईही आले.

"नत्थुजीचे पट्टे खरे होते," ते म्हणाले. "कातड्याची किनार अजून चकतीखाली आहे. नंतर कुणीतरी ते काढून लांब दोर बांधला. खड्ड्यात चाक लटकलं, शाफ्ट आडपट्टीवर आदळला, त्याचा सांधा तुटला. शाफ्ट गरगरत ब्रेकच्या नळीवर बसला. उतारावर गाडीला ना इंजिन राहिलं ना ब्रेक. पट्ट्याचं मर्म चौघांनाच माहीत होतं. सहदेव स्वतःच ती गाडी घेऊन निघाला. पंजाबराव आपल्याच चालवायच्या गाडीला फास लावणार नाहीत. गोवर्धननं चावी दिली. त्याला पंजाबराव मरायला हवे असते, तर त्या सकाळी त्यानं काही कारण काढून गाडी थांबवली असती. सापळा पंजाबरावांसाठी होता. लावणाऱ्याला माणूस बदलल्याचं कळलंच नाही, कारण तो गावात नव्हता. गाठ डावखुऱ्या हाताची आहे. तशीच या खुंट्यावर आहे."

"बारा वर्षांचे झाडं होते," शेषराव हळूच म्हणाले. "एकेक करून वायले. मी रोज पाहे. मोझरीहून आलो तं दारात गर्दी. मले वाटलं पंजाबराव गेला, म्हनून लोकं सांगाले आले. मी मनात हासलो, पार्बता. मंग पोराचं तोंड पाह्यलं."

पार्बताबाई रडल्या नाहीत. "इतके दिवस माह्या बाजूले बसून जेवत होते तुमी," त्या म्हणाल्या. "मी नत्थुजीसाठी अकोल्याले गेली, तवा भाकर बांधून देल्ली तुमी."

"मले वाटलं, तुले कोनी ऐकनार नाई."

पंजाबराव पुढे झाले. "बाई, पाट मी आजच मोकया करतो."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शिपाई उठला. शेषरावांनी दाराजवळच्या खुंटीवरच्या पागोट्याकडे हात नेला. पार्बताबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. मग शेषरावांनी हात खाली घेतला आणि ते उघड्या डोक्यानं शिपायाच्या मागे चालू लागले.

"साहेब," बाई कमलाकांतांना म्हणाल्या, "आता मी कोनाचं सुतक धरू?"

नारायणनं वहाणा घातल्या आणि तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला.