ल्युसर्नमधले उकडलेले बटाटे

रविवारी सकाळी भिकू नारळ पाडायला किहीमच्या बागेत शिरला. विहिरीच्या कठड्याशी बागेची मालकीण, म्हातारी कमळ पडलेली होती.

पाय घसरून डोकं आपटलं होतं. मुलगी कल्पिता उरणहून धावत आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

"गुरुवारी पडल्या असाव्यात. पण लगेच गेल्या नाहीत. शुक्रवार रात्रीपर्यंत जीव होता."

आईचा फोन लागत नव्हता. तो नेहमीच बंद पडलेला असे, म्हणून कल्पिताने मनावर घेतलं नव्हतं.

पडवीत कॅमेरा होता. पाहुण्यांच्या खोल्यांसाठी तिच्या भावाने, अल्पेशने लावलेला. त्यातून विहीर दिसायची. त्यात गुरुवारपासूनचं काहीच नव्हतं.

अल्पेश आणि त्याची बायको अमिषा स्वित्झर्लंडला, ल्युसर्नला होते. सोमवारी दुपारी घरी पोचले.

"कॅमेरा तुमच्या फोनवर दिसतो ना?" फौजदार गणराजने विचारलं.

"दिसतो. पण नेट गेलं होतं, साहेब."

"आमची पोरं तर हितल्याच नेटवर दिसभर पिक्चर बघत व्हती," भिकू कोपऱ्यातून पुटपुटला.

"आई गेल्याचं कधी कळलं?"

"आज पहाटे विमानतळावर उतरल्यावर. हिचा फोन आला." अल्पेशने बहिणीकडे बोट केलं आणि वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला.

आत अमिषा बॅगा न उघडताच बसली होती.

"ताई, तुमच्यासाठी पर्स घेतलीय. आता कशी देऊ?"

"राहू दे, वहिनी. फोटो दाखव."

लाकडी पूल. त्यावर अल्पेश, गुळगुळीत दाढी केलेला. तळ्याकाठचं हॉटेल, अल्पेशच्या पुढ्यात सॉसेज. जुन्या पेठेत दोघं, हातात चॉकलेटच्या पिशव्या. मग शुक्रवार. अमिषाच्या ताटात मासा, अल्पेशच्या ताटात उकडलेले बटाटे. शनिवारी अमिषा चर्चच्या आत, रंगीत काचांखाली.

"हा काढला कोणी?"

"एका बाईंनी. हे बाहेरच थांबले."

"आणि बटाटे?"

"पोट बिघडलंय म्हणाले. खरेदीलाही आत येईनात. पण मला म्हणाले, तू घे, हवं ते घे. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं म्हणाले."

कल्पिताने फोन मागून घेतला आणि अंगणात आली.

"दादा, श्रावणात सुकट न सोडणारा आपल्या घरात तू एकटा. आई कंटाळून वेगळी चूल मांडायची."

"आता हे काय काढलंस?"

"तू फक्त एकदा मासळी सोडलीस. बाबा गेले तेव्हा. दाढीही केली नव्हतीस. देवळाची पायरी चढला नव्हतास. नवीन काही घेतलं नव्हतंस." तिने फोन पुढे केला. "शुक्रवारचा फोटो. शनिवारचा. आई रविवारी सापडली. तुला सोमवारी कळलं. मग तू कोणाचं सुतक पाळत होतास?"

दारात अमिषा येऊन उभी राहिली होती.

"वहिनीला माहीत नव्हतं. ती मासा खात होती. तू तिला सांगितलं नाहीस. आणि कॅमेऱ्यातलं पुसून टाकलंस."

"मी काही केलं नाही," अल्पेश खालच्या आवाजात म्हणाला. "गुरुवारी सहज फोन उघडला, तर ती पडलेली. बराच वेळ बघत होतो. हलत नव्हती. गेली होती ती. सांगितलं असतं तर लगेच परतावं लागलं असतं. अमिषाने किती वर्षं वाट पाहिली होती. म्हटलं, तीनच दिवस. तिला फिरू दे. माझ्यापुरतं मी सगळं पाळलं."

"माझं नाव नका घेऊ," अमिषा म्हणाली.

गणराज टोपी हातात घेऊन उभा होता. "नोंद करतो. कोर्टात किती टिकेल, सांगता येत नाही."

भिकूचं घर हाकेच्या अंतरावर होतं. एक फोन पुरला असता. पण कल्पिताने फक्त डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"शुक्रवार रात्रीपर्यंत, दादा. तू बटाटे खात होतास तेव्हा ती जिवंत होती."