कोपरावरची वायर

रंगमंचामागच्या खोलीत ती शिरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाटकात नव्यानंच आलेला राजपुत्र तिची लांबलचक एक्स्टेंशन वायर पंजा आणि कोपराभोवती गरागरा गुंडाळत उभा होता. वर चेहऱ्यावर हसू!

"अहो, थांबा! लोकर आहे का ती?"

"मदत करतोय..."

"ही मदत? अशानं आतल्या तारांना पीळ पडतो. बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तुटते."

"म्हणजे अगदी माझ्यासारखी," तो म्हणाला.

नाटकमंडळीचे सगळे दिवे ती एकटी सांभाळायची. असल्या गोड बोलण्याला ती भीक घालणारी नव्हती. वायर हिसकावून तिनं जमिनीवर सरळ पसरली.

"बघा. एक वेढा सरळ, पुढचा मनगट वळवून उलटा. तिच्या कलानं घ्यायचं, ओढाताण नाही. मग नाडीनं बांधून खुंटीला टांगायची."

त्यानं करून पाहिलं – चुकलं. तिनं त्याचं मनगट धरून वळवलं. "हं, असं..." आणि मग उगाचच घसा खाकरला.

त्यानंतर प्रत्येक तालमीनंतर तो हजर. तीच वायर घ्यायचा आणि हमखास चुकायचा. ती चिडायची, मनगट धरायची, पुन्हा शिकवायची.

"इतका कसा ठोंब्या असतो माणूस!" ती घरी आईपाशी धुसफुसायची.

"मग दे नाद सोडून."

"असा कसा सोडू?" ती आईवरच खेकसायची.

दुपारचा पहिलाच प्रयोग. राजपुत्राचं मोठं स्वगत ऐन रंगात आलं आणि त्याच्यावरचा दिवा गेला! प्रेक्षकांत खसखस पिकली. पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी चारचौघांत तिलाच फैलावर घेतलं, "साध्या वायरी सांभाळता येत नाहीत?"

वायरी! तिला! तिनं तपासलं – शिकवणीची तीच वायर पिळून पिळून आतून तुटली होती.

"रडू नकोस गं," कपडेपटातली मावशी म्हणाली. "तो राजपुत्र बघ, तू नसलीस की तुझ्या सगळ्या वायरी कशा झक्क गुंडाळून ठेवतो!"

"...काय?"

ती तरातरा रंगपटात गेली. तो अर्धवट रंग पुसून बसला होता.

"तुम्हाला येतं?"

"येतं... दुसऱ्याच दिवशी जमलं होतं."

"मग हा तमाशा कशाला?"

"जमलं म्हटलं असतं, तर तुम्ही मनगट धरलं नसतं."

"लाज नाही वाटत? माझी वायर गेली, भर लोकांत बोलणी मी खाल्ली!"

"वाटते. आत्ताच दिग्दर्शकांना सांगून आलोय, चूक माझी होती. उद्या सगळ्यांसमोर तुमची माफी मागणार आहे."

"उपकार झाले!" ती उसळली. "अरे, हात हवा होता तर सरळ हात मागायचास ना! त्या बिचाऱ्या वायरीचा कशाला जीव घेतलास?"

बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. कानांच्या पाळ्या तापल्या.

तो उठून उभा राहिला. आता हसत नव्हता.

"मागतो... देशील?"

"मी भयंकर रागावलेय," त्याच्या हातात हात देत ती म्हणाली. "आणि अजून खूप दिवस रागावणार आहे."